वर्षातला अल्बम: भांडण रीतसर कसं घालावं

माझा धंदा साउंडचा. गोव्यात फोंड्याला गोडाऊन, दोन टेम्पो, चार पोरं. तुळशीचं लग्न झालं की काले, जत्रा, नाटकं सुरू होतात आणि आमचे स्पीकर मे महिन्यापर्यंत धड गोडाऊन बघत नाहीत. त्याच गोडाऊनमध्ये दर जानेवारीत आम्ही सात जण जमतो आणि सरत्या वर्षातला सर्वांत चांगला अल्बम ठरवतो. पहिली तीन वर्षं नुसता आरडाओरडा झाला. तिसऱ्या वर्षी तर एक जण रागाच्या भरात उठून गेला आणि जाताना माझी जॅकची, म्हणजे माइकच्या वायरी जोडायच्या पिनांची, पिशवी स्वतःची समजून घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी एका नाटकाला माझ्याकडे एक जॅक कमी, आणि नायिकेला एकाच माइकवर दोन अंक काढावे लागले. त्यानंतर नियम आले. तुमच्याकडे असा अड्डा असेल तर हे वाचा, निदान जॅक तरी वाचतील.

आधी तारीख. डिसेंबरात बसायचं नाही. मला तर ३१ डिसेंबरला श्वास घ्यायला फुरसत नसते, पण खरं कारण वेगळं आहे. नोव्हेंबरच्या शेवटी यादी पक्की करणारे दर दोन-चार वर्षांनी तोंडघशी पडतात. अमेरिकन गायिका बियॉन्सेने १३ डिसेंबर २०१३ ला कसलीही जाहिरात न करता आख्खा अल्बम बाहेर काढला, तोवर निम्म्या जगाच्या याद्या छापून झाल्या होत्या. रॅपर केंड्रिक लमारचा 'जीएनएक्स' २२ नोव्हेंबर २०२४ ला तसाच न सांगता आला. आमच्यातला एक ट्रंपेट वाजवतो, त्याला नाताळ आणि ६ जानेवारीचं तीन राजांचं फेस्त उरकेपर्यंत सवड नसते. आणि १४ ला संक्रांत. तिळगूळ घेऊन गोड बोलायचं ठरल्यावर भांडणार कसं? म्हणून ७ ते १३ जानेवारीच्या मधली एक रात्र, गोव्यात याहून सोयीचा आठवडा नाही.

वर्ष कुठलं धरायचं हेही आधीच लिहून ठेवा. अल्बम जगात पहिल्यांदा जिथे आला ती तारीख, बस्स. द क्लॅश या ब्रिटिश बँडचा 'लंडन कॉलिंग' ब्रिटनमध्ये डिसेंबर १९७९ ला आला आणि अमेरिकेत जानेवारी १९८० ला, आणि अमेरिकेतल्या रोलिंग स्टोन मासिकाने तो १९८० च्या दशकातला सर्वोत्तम अल्बम म्हणून निवडला. त्यांचं त्यांना लखलाभ. आमच्याकडे असली पळवाट काढली की पुढच्या वर्षीच्या चहाचे पैसे त्याने द्यायचे.

अल्बम कशाला म्हणायचं, यावर आमची एक आख्खी रात्र गेली होती. आमच्यात भाऊ आहेत, बँकेतून निवृत्त, अभंग-नाट्यगीतांत वाढलेले. त्यांनी आणलेला अल्बम म्हणजे एक राग, पन्नास मिनिटं, ट्रॅक एकच. माझी भाची मडगावला कॉलेजात आहे, ती म्हणाली, "मामा, हे एक गाणं झालं, अल्बम कसला?" भाऊंचा चेहरा पडला. शेवटी अमेरिकेतल्या ग्रॅमी संगीत पुरस्कारवाल्यांचा नियम उचलला: किमान पाच वेगळे ट्रॅक आणि १५ मिनिटं, नाहीतर ट्रॅक कितीही असोत, एकूण ३० मिनिटं. दुसऱ्या कलमाने भाऊ वाचले, पहिल्याने भाचीचे छोटे अल्बम वाचले. मुळात अल्बम हा शब्दच पुस्तकासारख्या बांधलेल्या पुठ्ठ्यांचा. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकडीवर एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावायची, म्हणून चार-पाच तबकड्या एकत्र बांधून विकत. १९४८ ला लाँगप्ले तबकडी आली, एका बाजूला वीस-बावीस मिनिटं मावू लागली, तरी नाव तेच राहिलं. पण म्हणून तीन मिनिटांना कमी लेखू नका. आमच्या फोंडा तालुक्यातल्या केरीच्या गायिका केसरबाई केरकरांची साडेतीन मिनिटांची भैरवी १९७७ ला व्हॉयेजर यानाबरोबर अंतराळात गेली. व्हॉयेजरवरच्या त्या सोनेरी तबकडीला अल्बम म्हणायचं का, यावरही भाऊ आणि ट्रंपेटवाल्याचं वाजलं होतं. मी तो विषय बंद केला, तबकडी त्या वर्षीची नव्हतीच.

सिनेमाची गाणी चालतात, पण अट एकच: पडदा न बघता शेवटपर्यंत ऐकवली पाहिजेत. जुन्याची नवी आवृत्ती, वेचक गाण्यांचा संग्रह, हे बाद.

वही ठेवा. जुलै २०१५ पासून बहुतेक नवे अल्बम जगभर शुक्रवारीच येतात, त्यामुळे शनिवारी सकाळी चहाबरोबर दोन ओळी लिहायची सवय लागायला अडचण नाही. नाव, तारीख, किती वेळा ऐकला, कुठलं गाणं मनात राहिलं. वही नसेल तर ऑक्टोबरनंतरचं तेवढं आठवतं, आणि फेब्रुवारीत जिवापाड आवडलेला अल्बम जानेवारीत दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकून "अरे, हा राहिलाच की" म्हणायची पाळी येते. ज्याच्या वहीत अल्बमपुढे किमान तीन रेघा नाहीत, म्हणजे तीनदा पूर्ण ऐकलेला नाही, त्याला त्या अल्बमला मत देता येत नाही. खोटं बोलणारा चटकन पकडता येतो. विचारायचं, "शेवटचं गाणं संपतं कसं? हळूहळू विरतं की एकदम थांबतं?" न ऐकलेला माणूस या प्रश्नाला हमखास "सुंदर संपतं" म्हणतो.

आता आवाज. यावर मी लांबण लावणार आहे, कारण माझं पोट यावर आहे, आणि निम्मी भांडणं संगीतामुळे नव्हे, आवाजामुळे होतात हे मला धंद्याने शिकवलं.

दोन वर्षांपूर्वी मी सगळ्यांना फसवलं. एकच गाणं दोनदा लावलं आणि सांगितलं, या एकाच गाण्याच्या दोन प्रती आहेत, वेगवेगळ्या स्टुडिओतून मिक्स करून आलेल्या. पहिल्यांदा फेडर, म्हणजे मिक्सरवरची आवाज कमी-जास्त करायची सरकती दांडी, होता तिथे ठेवला. दुसऱ्यांदा पाठ वळवून, खोकल्याचं निमित्त करून, तो जरासा वर सरकवला, तीनेक डेसिबल. "आवाज वाढवलास" असं कुणीही म्हणालं नाही. सात पैकी मी सोडून सहाही जणांनी दुसरी प्रत पसंत केली. भाऊ म्हणाले, "यात तबला कसा खुलून आलाय बघ." भाची म्हणाली, "हिच्यात बेस आहे मामा, पहिली सपाट होती." ट्रंपेटवाल्याने तर पहिल्या स्टुडिओवाल्याला कोकणीत दोन शब्द हासडले. मग मी फेडर दाखवला.

कारण सोपं आहे. हळू आवाजात आपल्या कानाला खर्जातलं आणि अगदी वरच्या टिपेतलं कमी ऐकू येतं, मधलं तेवढं येतं. आवाज चढवला की खर्ज भरून येतो, झांज चमकते, आणि मन म्हणतं, हे जास्त चांगलं. म्हणून तुलना करायची तर आवाज मिळवूनच करायची. त्याला लाखांचं यंत्र लागत नाही. स्पीकर तोच, खुर्ची तीच. फोनवर आवाज मोजायचं फुकट ॲप घ्या, बसल्यावर कान जिथे येतो त्या उंचीवर फोन धरा, आणि प्रत्येक अल्बमचं भरगच्च वाजणारं अर्धं मिनिट लावून आकडा साधारण ७५ डेसिबलवर येईल असा फेडर बसवा. फोनचा आकडा तंतोतंत खरा नसेल, नसू दे, दोन्हींना चूक सारखीच आहे. स्पॉटिफायवर गाणी समान आवाजात आणायची सोय असते, ती चालू ठेवा, ते सगळ्यांना उणे १४ एलयूएफएसच्या (कानाला जाणवणारा आवाज मोजायचं माप) आसपास आणतं. पण आमचा ट्रंपेटवाला कोकणी अल्बम पेनड्राइव्हवर घेऊन येतो, त्याला ही सोय नाही, तो हातानेच मिळवावा लागतो. नाहीतर दर वर्षी पेनड्राइव्हच जिंकेल.

आणि फोनच्या स्पीकरवर ऐकून मत देऊ नका. हे पाप मी केलेलं आहे. एक अल्बम मी बोरी पुलावरून टेम्पो नेताना, फोन डॅशबोर्डवर ठेवून ऐकला आणि वहीत लिहिलं, "पोकळ." भाचीने तोच गोडाऊनमधल्या पंधरा इंची स्पीकरवर लावला. गाणं ज्या खर्जावर उभं होतं तो फोनमधून आलाच नव्हता, मी वरची कौलं बघून घराला नावं ठेवली होती. वहीतला शब्द खोडला नाही, तिथेच ठेवलाय.

बैठक अशी चालते. आल्या आल्या प्रत्येकाने चिठ्ठी टाकायची, एकही शब्द बोलायच्या आधी. आमच्याकडे एके काळी हात वर करून मत घ्यायचे. भाऊंनी पहिला हात वर केला की धाकटे सगळे मान ठेवून मागोमाग हात वर करत. भाऊंनाही ते आवडत नव्हतं. चिठ्ठीने तो संकोच गेला. मग चर्चा, मग दुसरी चिठ्ठी, आणि हिशेब दुसरीचाच. पहिली उघडून ठेवायची, कोण कुणाच्या बोलण्याने बदललं ते दिसतं, आणि ती मजा निकालाहून जास्त असते.

चर्चेत प्रत्येक अल्बमची तीन गाणी वाजतात. पहिलं, शेवटचं, आणि तिसरं विरोधकाने निवडलेलं, त्याच्या मते सर्वांत पडेल. हा आमचा सर्वांत चांगला नियम. दोन हिट गाण्यांच्या खांद्यावर बसून आलेले अल्बम इथे खाली पडतात. बियॉन्सेच्या २०२४ च्या 'काउबॉय कार्टर'मध्ये २७ ट्रॅक आहेत, सव्वा तासाच्या वर. त्यातलं पडेल शोधायला मेहुण्याने दोन दिवस घेतले आणि शेवटी स्वतःच त्याला मत देऊन बसला.

बोलताना जागा दाखवायची: "दोन मिनिटं चाळीसला ऐक, इथे ढोलकी थांबते." नुसतं "फील आहे", "वाइब आहे", "आधीचे अल्बम भारी होते" असं म्हटलं की पाच रुपये डब्यात. डब्यातून मिरची भजी येतात. खपाचे आकडे आणायचे नाहीत. डिसेंबर २०१४ ला बिलबोर्ड या खपाच्या याद्या काढणाऱ्या अमेरिकन मासिकाने हिशेब काढला की अल्बममधली गाणी मिळून १,५०० वेळा स्ट्रीम झाली की एक अल्बम खपल्यासारखं; पुढे तो आकडा बदलला. म्हणजे एकच गाणं दीड हजारदा वाजलं आणि बाकीची नऊ कुणी उघडलीच नाहीत, तरी अल्बम खपला. तो बाजाराचा हिशेब झाला, आपला नव्हे. बिअर मतमोजणीनंतर.

गुण देण्याची पद्धत मी न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॉइस या एकेकाळच्या साप्ताहिकाच्या समीक्षकांकडून घेतली. 'पॅझ अँड जॉप' नावाच्या त्यांच्या वार्षिक मतदानात प्रत्येकाने दहा अल्बमांत १०० गुण वाटायचे असत, एकाला जास्तीत जास्त ३०, कमीत कमी ५. आम्ही सात जण, म्हणून अल्बम आणि गुण निम्मे केले: पाच अल्बम, ५० गुण. मर्यादा मात्र आमची, जास्तीत जास्त २०, कमीत कमी ५. पण एक तिढा पडतो, तो आधीच सांगून ठेवा. समजा एका अल्बमवर तिघांचा जीव आहे, प्रत्येकी २०, झाले ६०. बाकी चौघांनी त्याला यादीतही घेतलं नाही. दुसरा अल्बम कुणाचाच पहिला नाही, पण सहा जणांनी "बरा आहे" म्हणून ११-११ दिले, झाले ६६. तोच जिंकला. आमच्याकडे हे झालं तेव्हा भाची म्हणाली, "मामा, हे म्हणजे लग्नातलं जेवण, कुणाची तक्रार नाही आणि कुणाला आठवतही नाही." म्हणून आता दोन निकाल लावतो. एक एकूण गुणांचा, दुसरा सर्वांत जास्त वेळा २० मिळवणाऱ्याचा. दोन्ही एकच निघाले तर वाद संपला. नाही निघाले तर दोन्ही नावं बिलाच्या पाठीवर लिहून मिक्सरच्या पेटीच्या झाकणाला आतून चिकटवतो.

बक्षीस असल्याशिवाय लोक मन लावून मत देत नाहीत, तेव्हा बक्षीस ठेवा. आमच्याकडे जिंकलेल्या अल्बममधलं एक गाणं वर्षभर प्रत्येक कार्यक्रमाआधी साउंडचेकला वाजतं, मंडप कुठलाही असो. गाणं कुठलं ते जिंकवणारा ठरवतो. फक्त त्यात शिवी नको, हे कलम एका जत्रेनंतर घालावं लागलं. देवळाचे भटजी पायऱ्यांवर उभे राहून दोन कडवी ऐकून गेले होते, आणि भाचीला ती गाणारीण इंग्रजीत काय म्हणते हे त्यांना समजावून सांगायला मी पाठवलं होतं.