व्हेंटिलेटर सुटल्यावर घरी काय करायचं

पेशंट घरी आला की सगळ्यांचे डोळे रक्तातला ऑक्सिजन दाखवणाऱ्या ऑक्सिमीटरवर. आकडा ९६, तरी बाथरूमपर्यंत जाताना पाय लटपटतात, धाप लागते. फुप्फुसं सावरली तरी पडून राहून अंगातले स्नायू झडलेले असतात, आणि यंत्र श्वास देत होतं तेव्हा श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोटामधला श्वासाचा मुख्य स्नायूही दुबळा झालेला असतो. घरचं खरं काम तिथे आहे.

हात असलेली पक्की खुर्ची भिंतीला टेकवा. उठवण्याआधी दोन मिनिटं पाय पलंगाखाली सोडून बसवा, नाहीतर रक्तदाब उतरून चक्कर येते. मग खुर्चीतून उठ-बस ५ वेळा, दिवसातून तीनदा. उठताना श्वास सोडायचा, रोखायचा नाही. झेपलं तर दोन-तीन दिवसांनी एकेक वाढवा. एक वाक्य सलग बोलता येत नसेल किंवा आकडा ९०च्या खाली गेला तर थांबा. सीओपीडी (फुप्फुसांचा जुनाट आजार) असेल तर आकडा किती चालेल ते डॉक्टरांकडून लिहूनच आणा. बोटं गार असली किंवा नेलपॉलिश असलं की ऑक्सिमीटर चुकतो. दुसऱ्या दिवशी अंथरूण सोडवत नसेल तर आदल्या दिवशी जास्त झालं.

श्वासाच्या व्यायामासाठी मिळणाऱ्या तीन चेंडूंच्या स्पायरोमीटरमध्ये बरेच जण फुंकतात. त्यात हवा ओढायची असते, तीही सावकाश. तिसरा चेंडू झटक्यात उडवण्यापेक्षा पहिले दोन चेंडू तीन सेकंद वर तरंगत ठेवणं कामाचं. दहा श्वास, मधे विसावा.

खाण्यात सर्वांत अवघड पदार्थ म्हणजे साधं पाणी! घशात व्हेंटिलेटरची नळी राहिल्यामुळे गिळणं मंदावलेलं असतं आणि पातळ घोट चुकून श्वासनलिकेत उतरतो. ठसका येईलच असं नाही. खाल्ल्यावर आवाज ओला, गुरगुरता झाला किंवा वारंवार ताप येऊ लागला तर गिळण्याची तपासणी करून घ्या. तोवर ताठ बसवून छोटे घास. घट्ट पेज, दही सोपं जातं. जेवणानंतर अर्धा तास आडवं होऊ देऊ नका. प्रथिनं साधारणपणे वजनाच्या दर किलोला १.२ ते १.५ ग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ७२ ते ९० ग्रॅम. एका अंड्यात जेमतेम ६ ग्रॅम, तेव्हा नुसत्या वरणभातावर भागणार नाही. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर आधी विचारा.

आवाज बसलेला दोन-तीन आठवड्यांत सुटला नाही तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. श्वास आत घेताना शिट्टीसारखा आवाज येऊ लागला तर मात्र वाट पाहू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. नळीच्या जागी व्रण आकसून श्वासनलिका अरुंद होते. हे काही आठवड्यांनी, कधी महिन्यांनी उद्भवतं आणि दमा समजून पंप दिला जातो.

आयसीयूतले भास पेशंटला खरे वाटलेले असतात. ‘असलं काही नव्हतंच’ म्हणून उडवून लावू नका. कोणत्या दिवशी काय झालं, नळी कधी काढली, हे तारखेवार सांगा. हरवलेले दिवस जुळू लागतात. झोप उडालेली किंवा धास्ती महिनाभर टिकली तर मानसोपचारतज्ज्ञ गाठा.

दोन-तीन महिन्यांनी केस पुंजक्यांनी गळतील. ते बहुधा परत येतात, तेल बदलत बसू नका.