एचआयव्ही शिकायला बसताना: आधी पेशी, मग विषाणू

नर्सिंगला, लॅबला किंवा समुपदेशनाच्या कामाला नव्याने लागलेली मुलं-मुली एचआयव्हीचा अभ्यास बहुतेकदा उलट्या टोकाने सुरू करतात. आधी संसर्गाचे मार्ग पाठ होतात, मग औषधांची नावं, मग आजारांची यादी. पाठांतर पक्कं असतं, पण समोरच्या माणसाने ‘माझे सीडी४ साडेतीनशे आलेत, म्हणजे मला एड्स झालाय का?’ असं विचारलं की गाडी अडते. म्हणून आमचा आग्रह असा की पहिले दोन-तीन दिवस विषाणूला हातच लावू नका. निरोगी शरीरात सीडी४ पेशी, म्हणजे पांढऱ्या रक्तपेशींचा एक प्रकार, काय काम करते, ते आधी नीट समजून घ्या. तेवढं डोक्यात बसलं की पुढचं बरंचसं पाठ करावंच लागत नाही.

जंतू शरीरात शिरला की डेंड्रिटिक पेशी त्याचा तुकडा उचलून जवळच्या लसिका ग्रंथीत नेतात आणि सीडी४ पेशीला दाखवतात. ज्या सीडी४ पेशीला तो तुकडा ओळखता येतो, ती जागी होते आणि स्वतःच्या शेकडो प्रती काढते. पण जंतूला मारायचं काम प्रामुख्याने तिचं नाही. ती रासायनिक निरोप सोडते. त्या निरोपावर बी पेशी नेमक्या आणि टिकाऊ अँटीबॉडी बनवायला लागतात, सीडी८ पेशी संसर्ग झालेल्या पेशी मारायला निघतात आणि मॅक्रोफेज गिळलेला जंतू पचवायची ताकद मिळवतात. यातलं शेवटचं वाक्य दोनदा वाचा. टीबीचा जंतू मॅक्रोफेजच्या पोटात जिवंत राहण्यात तरबेज असतो. त्याला तिथे कोंडून ठेवायला सीडी४ पेशींकडून येणारं इंटरफेरॉन गॅमा (याच रासायनिक निरोपांपैकी एक) लागतं. ते कमी पडलं की वर्षानुवर्षं झोपलेला टीबी उठतो. एचआयव्हीसोबत जगणाऱ्यांच्या मृत्यूंमागे जगभर टीबी हे सर्वांत मोठं कारण का आहे, याचं उत्तर इथे आहे.

आता विषाणू. आकार साधारण १०० ते १२० नॅनोमीटर. आत आरएनएच्या दोन प्रती, एकूण फक्त ९ जनुकं आणि तीन एन्झाइम: रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज, इंटिग्रेज आणि प्रोटिएज. त्याची वाट एका कोऱ्या कागदावर स्वतःच्या हाताने काढा, छापील आकृती बघून भागत नाही. विषाणूच्या अंगावरचं जीपी१२० हे प्रथिन पेशीवरच्या सीडी४ रेणूला चिकटतं. चिकटताच त्याचा आकार बदलतो आणि ते शेजारच्या दुसऱ्या रेणूला धरतं. तो रेणू म्हणजे सीसीआर५ किंवा सीएक्ससीआर४. ही दुसरी पकड बसली की खाली दडलेलं जीपी४१ पेशीच्या आवरणात घुसतं, दोन्ही आवरणं एकमेकांत मिसळतात आणि विषाणूचा गाभा आत उतरतो. रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज आरएनएवरून डीएनए लिहितं, इंटिग्रेज तो डीएनए पेशीच्या स्वतःच्या डीएनएत शिवून टाकतं. पुढे पेशी जागी झाली की तीच विषाणूचा माल तयार करते. प्रोटिएज लांबलचक प्रथिनांचे योग्य तुकडे पाडतं, तेव्हा कुठे नवा विषाणू संसर्ग करण्याजोगा होतो.

कागदावरच्या प्रत्येक पायरीसमोर ती अडवणारं औषध लिहा. ज्या नावाच्या शेवटी ‘टेग्राविर’ येतं ते इंटिग्रेज अडवतं: डोल्युटेग्राविर, राल्टेग्राविर. ‘नाविर’ने संपतं ते प्रोटिएज अडवतं: डारुनाविर, अटाझानाविर. टेनोफोविर आणि लॅमिव्हुडीन ही रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेजला खोटी विटकर देतात. ती भिंतीत बसली की पुढची वीट लागतच नाही.

एक औषध का पुरत नाही, हेही याच कागदावर दिसतं. रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज डीएनए लिहिताना चुका करतं आणि त्या तपासत नाही. उपचार नसलेल्या शरीरात रोज सुमारे १,००० कोटी नवे विषाणू तयार होतात. इतक्या प्रतींत एखाद्या औषधाला न जुमानणारा विषाणू सापडणारच. १९८७ साली झिडोव्हुडीन आलं तेव्हा ते एकटं द्यायचे आणि काही महिन्यांत त्याचा जोर ओसरायचा. १९९६च्या सुमारास तीन औषधं एकत्र द्यायला लागल्यावर मृत्यूंचं प्रमाण झपाट्याने उतरलं. तिन्ही औषधांना एकाच वेळी चुकवणारा विषाणू अपघाताने तयार होणं फार अवघड असतं. गोळ्या वारंवार चुकल्या की मात्र आपणच त्याला एकेक पायरी चढायला वेळ देतो.

रक्तात दिसतं त्याहून आधी आतड्यात घडतं

हा भाग बहुतेक जण घाईने उरकतात आणि आमच्या मते समजून घ्यायचा खरा भाग हाच आहे. शरीरातल्या लिम्फोसाइट पेशींपैकी (सीडी४ पेशी त्यांतल्याच) जेमतेम २ टक्के रक्तात फिरत असतात. बाकीच्या लसिका ग्रंथी, प्लीहा आणि आतड्याच्या अस्तरात असतात. आतड्यातल्या सीडी४ पेशी बहुतांशी जाग्या, अनुभवी आणि सीसीआर५ मिरवणाऱ्या असतात, म्हणजे विषाणूला हव्या तशाच. संसर्गानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत तिथल्या पेशींची कत्तल होते. या काळात, साधारण २ ते ४ आठवड्यांनी, अनेकांना ताप, घसादुखी, अंगावर पुरळ, गाठींना सूज असं होतं. काहींना काहीच जाणवत नाही. ताप उतरतो आणि माणूस बरा दिसतो.

पण आतड्याचं अस्तर गळकं झालेलं असतं. तिथले जंतूंचे अंश रक्तात झिरपत राहतात आणि रोगप्रतिकार यंत्रणा कायम चेतवलेली राहते. चेतवलेली सीडी४ पेशी हेच विषाणूचं आवडतं घर, म्हणजे यंत्रणा जितकी लढायला उठते तितका विषाणूला माल मिळतो. त्यात भर म्हणजे लसिका ग्रंथींत मरणाऱ्या बऱ्याच सीडी४ पेशींत विषाणू पुरता वाढलेलाही नसतो. अर्धवट झालेला संसर्ग पेशीला कळतो आणि ती दाह पसरवणारे रेणू सांडत फुटून मरते. ते रेणू आणखी पेशींना तिथे ओढून आणतात. ‘विषाणू पेशी खातो’ असं ढोबळपणे सांगितलं जातं, ते म्हणूनच अपुरं आहे. हृदयविकाराचा धोका एचआयव्हीत का वाढतो, हे या धुमसत्या दाहाशिवाय समजत नाही.

उपचाराविना ही अवस्था सरासरी ८ ते १० वर्षं चालते. माणूस कामावर जातो, धडधाकट दिसतो आणि सीडी४ हळूहळू उतरत जातात. चेहरा बघून कुणाला एचआयव्ही आहे हे कुणालाही ओळखता येत नाही. तुम्हालाही येणार नाही.

आकडा वाचताना

निरोगी प्रौढात सीडी४ एका घन मिलिमीटर रक्तात साधारण ५०० ते १,५०० असतात. २००च्या खाली गेले, किंवा जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणातल्या चौथ्या टप्प्याचा एखादा आजार झाला, की त्या अवस्थेला एड्स म्हणतात. एड्स हा वेगळा विषाणू नाही, वेगळा संसर्गही नाही. त्यामुळे साडेतीनशेवाल्या माणसाला, तसा गंभीर आजार नसेल तर, सरळ सांगायचं: ‘नाही, एड्स नाही. विषाणूने शक्ती कमी केली आहे, पण ती संपलेली नाही. गोळ्या सुरू केल्यावर ती पुन्हा वाढू शकते.’ एवढं बोलून थांबा आणि त्यांना बोलू द्या.

कोणता आजार कधी, हे पाठ करताना एक गोष्ट लक्षात ठेवा. यातले बरेच जंतू आधीपासून शरीरात किंवा आसपास असतात, पहारा ढिला पडला की ते वर येतात. टीबी आणि नागीण कोणत्याही आकड्याला होऊ शकतात. २००च्या खाली न्यूमोसिस्टिस न्यूमोनिया. १९८१च्या जूनमध्ये लॉस एंजेलिसच्या पाच तरुणांत तो आढळला आणि तिथूनच या आजाराची पहिली अधिकृत नोंद झाली. १००च्या खाली मेंदूतला टॉक्सोप्लाझ्मा आणि क्रिप्टोकॉकसचा मेंदूज्वर. ५०च्या खाली डोळ्याच्या पडद्यावर सायटोमेगॅलोव्हायरस. ‘डोळ्यासमोर काळे ठिपके तरंगतात’ हे वाक्य ५०च्या खालच्या माणसाने उच्चारलं तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे पाठवा.

आणि आकडा फसवतो कसा, तेही शिका. सीडी४ सकाळी कमी आणि संध्याकाळी जास्त येतात. ताप, शस्त्रक्रिया, स्टेरॉइड, गरोदरपण यांनी खाली येतात. ४२० वरून ३६० झाले म्हणून समोरच्याला घाबरवू नका, तेवढा फरक नुसत्या वेळेनेही पडतो. अशा वेळी टक्केवारी बघा, ती कमी हलते. पाच वर्षांखालच्या मुलांत तर टक्केवारीच बघायची, कारण लहान मुलांत सीडी४ची संख्या मुळातच जास्त असते. नमुना जांभळ्या बुचाच्या ईडीटीए नळीत घ्यायचा, ८-१० वेळा हलक्या हाताने उलटायचा, झटकायचा नाही आणि फ्रिजमध्ये ठेवायचा नाही. नवखा हात सवयीने नळी फ्रिजमध्ये ठेवतो आणि नमुना वाया जातो.

चाचणीच्या पट्टीपाशी

रॅपिड चाचणी सोपी दिसते, म्हणूनच तीत चुका होतात. किट फ्रिजमधलं असेल तर आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्या. पाकीट चाचणीच्या वेळीच फोडा, आधी फोडून ठेवलेली पट्टी हवेतला ओलावा ओढते. रक्ताचा थेंब आणि बफरचे थेंब किटवर लिहिलेत तितकेच टाका. बफर कमी पडलं तर रक्त पट्टीवर पुढे सरकत नाही आणि पार्श्वभूमी लालसर राहते. घड्याळ लावा. बऱ्याच किटना १५ ते २० मिनिटं लागतात, पण तुमच्या किटच्या कागदावरची वेळ हीच खरी. वेळेआधी वाचलं तर फिकट रेघ निसटते, वेळ उलटल्यावर वाचलं तर वाळलेल्या पट्टीवर नसलेली रेघ दिसू शकते. कंट्रोलची रेघ आली नाही तर चाचणी बाद, मग दुसरी रेघ कितीही ठळक असो. दोन्ही रेघा आल्या आणि एक अगदी फिकट असली, तरी ती रिअ‍ॅक्टिव्हच. उजेडाकडे धरून ‘आहे की नाही’ अशी चर्चा त्या माणसासमोर करू नका.

एका किटवर रिअ‍ॅक्टिव्ह आलं म्हणजे ‘पॉझिटिव्ह’ नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीप्रमाणे वेगवेगळ्या तीन चाचण्या एकापाठोपाठ रिअ‍ॅक्टिव्ह आल्या तरच निदान सांगायचं. निगेटिव्ह आलं तरी संसर्गाची शक्यता कधीची, हे विचारल्याशिवाय निरोप देऊ नका. पहिले दहाएक दिवस कोणतीच चाचणी काही दाखवत नाही. त्यानंतर आधी विषाणूचा आरएनए सापडतो, मग पी२४ अँटीजेन (विषाणूचं एक प्रथिन), मग अँटीबॉडी. बोटातून रक्त घेऊन केलेल्या अँटीबॉडी चाचणीची खात्री ९० दिवसांनी धरायची. आईकडून आलेल्या अँटीबॉडी बाळात १८ महिन्यांपर्यंत राहू शकतात. त्यामुळे बाळाला अँटीबॉडी चाचणीने पॉझिटिव्ह ठरवणं ही गंभीर चूक आहे, तिथे ४ ते ६ आठवड्यांनी पीसीआर (थेट विषाणूचा जनुकीय अंश शोधणारी चाचणी) लागते. आणखी एक: गोळ्या सुरू असलेल्या माणसाची पुन्हा रॅपिड करू नका. अँटीबॉडी कमी होऊन ती कधी निगेटिव्ह येते आणि ‘बरा झालो’ म्हणून माणूस गोळ्या सोडतो.

सोडल्या तर काय होतं? इंटिग्रेजने शिवलेला डीएनए झोपलेल्या सीडी४ पेशींत तसाच असतो, औषध तिथे पोचून काही करू शकत नाही. बहुतेकांत काही आठवड्यांत विषाणू पुन्हा रक्तात दिसू लागतो. हिपॅटायटिस बी सोबत असेल तर टेनोफोविर थांबल्याने यकृताचा आजार अचानक भडकू शकतो, म्हणून ती तपासणी सुरुवातीलाच करून घ्यायची.

आज बहुतेक प्रौढांना टेनोफोविर ३००, लॅमिव्हुडीन ३०० आणि डोल्युटेग्राविर ५० मिलिग्रॅमची एकच गोळी रोज एकदा दिली जाते. विचारायला हमखास विसरला जाणारा प्रश्न म्हणजे लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या. त्या डोल्युटेग्राविरला पोटातच बांधून ठेवतात. म्हणून उपाशीपोटी असेल तर डोल्युटेग्राविर त्यांच्या २ तास आधी किंवा ६ तास नंतर घ्यायची, जेवणाबरोबर तिन्ही एकत्र चालतात. टीबीसाठी रिफाम्पिसिन चालू असेल तर डोल्युटेग्राविर ५० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा लागते.

सीडी४ फार कमी असताना गोळ्या सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत माणूस बरा होण्याऐवजी खालावलेला दिसू शकतो: ताप परत, गाठी मोठ्या. औषध लागू पडलं नाही असं सगळ्यांना वाटतं. प्रत्यक्षात परत आलेल्या सीडी४ पेशींना दडून बसलेला जंतू दिसलेला असतो आणि लढाई उशिरा सुरू झालेली असते. याला आयरिस म्हणतात. याची कल्पना पहिल्याच भेटीत द्या, म्हणजे माणूस गोळ्या बंद न करता तुमच्याकडे येईल. क्रिप्टोकॉकसच्या मेंदूज्वरात एआरटी, म्हणजे एचआयव्हीच्या गोळ्या, ४ ते ६ आठवडे मुद्दाम लांबवतात, तेही याच कारणाने.

गोळ्या सुरू केल्यावर ६ महिन्यांनी व्हायरल लोड, म्हणजे रक्तात विषाणू किती आहे याची तपासणी. तो विषाणू सापडत नाही इतका खाली आला आणि खालीच राहिला, तर लैंगिक संबंधातून जोडीदाराला संसर्ग होत नाही. हे निःसंदिग्ध शब्दांत सांगा, ‘शक्यता कमी असते’ असं पुटपुटू नका. स्तनपानाला मात्र हेच वाक्य लावता येत नाही. तिथे धोका खूप कमी होतो, पण शून्य होत नाही.

आणि तुमच्या स्वतःच्या हाताला सुई टोचली तर: जखम दाबून पिळू नका, ब्लीच लावू नका, साबण-पाण्याने धुवा आणि लगेच वरिष्ठांना सांगा. संसर्ग असलेल्या रक्ताची सुई टोचल्याने एचआयव्ही होण्याचं प्रमाण हजारात सुमारे ३ आहे. पेप (संसर्ग टाळण्यासाठी घ्यायची एचआयव्हीविरोधी औषधं) ७२ तासांच्या आत सुरू करायची, पण पहिल्या काही तासांत घेतलेली जास्त उपयोगी, कारण विषाणू लसिका ग्रंथीत पोचण्याआधीच त्याला गाठायचं असतं. कोर्स २८ दिवसांचा. तुमची पहिली चाचणी त्याच दिवशी होईल, मग ४ ते ६ आठवड्यांनी आणि १२ आठवड्यांनी. पहिल्या चाचणीचा कागद जपून ठेवा, टोचण्याआधी संसर्ग नव्हता याचा तेवढाच पुरावा असतो.