गेटवे ते बॅलार्ड इस्टेट: मधल्या भिंतीचं काय करायचं?

मुंबईत हेरिटेज वॉक नेताना गेटवेपाशी कुणीही बोलू शकतं. पायाभरणी 1913, उद्घाटन डिसेंबर 1924, आराखडा जॉर्ज विटेट यांचा, 28 फेब्रुवारी 1948 ला शेवटची ब्रिटिश पलटण इथूनच गेली, एवढं तुम्हाला येत असेलच. नसेल तर हेरिटेज वॉकच्या फंदात अजून पडू नका. समोर पाणी, लाँचवाल्यांची हाकाटी, मागे ताज. बोलण्यात दम नसला तरी ती जागाच सांभाळून घेते.

फक्त ताज उलटा बांधला गेला म्हणून वास्तुविशारदानं जीव दिला, ही लोणकढी थाप मारू नका. टाळ्या मिळतात, मान्य. पण ताजचे वास्तुविशारद रावसाहेब वैद्य काम पुरं होण्याआधीच वारले आणि इंग्रज अभियंते चेंबर्स यांनी ते तडीस नेलं, ही हकिगत काय कमी आहे?

खरी गोची पुढे. ‘बंदराची सफर’ म्हणून पैसे भरलेली माणसं रीगल सिनेमावरून तुमच्यामागे शहीद भगतसिंग मार्गावर येतात आणि समुद्र गायब! उजवीकडे नौदल गोदीची भिंत, संपता संपत नाही. डावीकडे बसचे हॉर्न. पाच मिनिटांत गट लांबतो, मागचे मोबाइल काढतात, एक काका हमखास विचारतात, “अजून किती?” या पट्ट्यानं मला रडवलंय. आजही तिथं पोचलो की घसा कोरडा पडतो. नवखे गाइड इथं गव्हर्नरांची यादी सुरू करतात. ती कुणीही ऐकत नाही.

भिंत टाळू नका, तिच्यावरच बोला. लायन गेटच्या दगडी सिंहांपाशी थांबा. आधी कॅमेरे खाली करायला सांगा. फाटकावरचा जवान ओरडला की गटाचा मूड जातो आणि तो परत येत नाही. मग सांगा की या भिंतीआड 1750 ची सुकी गोदी आहे, म्हणजे पाणी काढून जहाजाचं काम करायची जागा. सुरतेहून आलेल्या लवजी वाडियांनी ती उभी केली. त्यांच्या घराण्यानं इथं मलबारी सागाची जहाजं बांधली. त्यातलं 1817 चं ‘ट्रिंकोमाली’ इंग्लंडात हार्टलपूलला आजही पाण्यावर आहे. 1842 चा ब्रिटन आणि चीनमधला नानकिंगचा तह झाला तो ‘कॉर्नवॉलिस’ जहाजावर, आणि तेही इथलंच. एवढं ऐकल्यावर लोक भिंतीकडे वळून बघतात. तेवढं साधलं की झालं.

लगेच रस्त्यापलीकडच्या सेंट अँड्र्यूज चर्चकडे बोट दाखवा. त्याच्या शेजारी बर्फाचं गोदाम होतं. अमेरिकेहून, बॉस्टनकडून, लाकडाच्या भुशात दाबलेला बर्फ जहाजानं इथं यायचा. एप्रिलच्या उकाड्यात ही गोष्ट सांगून बघा. अजून किती, असं विचारणारे काकाच पुढचे प्रश्न विचारतील.

तिथून एशियाटिक ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर सगळ्यांना टेकू द्या. पाणी प्या, तुम्हीही गप्प बसा. सतत बोलणारा गाइड चांगला, हा समज कुणी पसरवला देव जाणे.

बॅलार्ड इस्टेटमध्ये सांगण्यासारखं एकच आहे: पायाखाली पूर्वी समुद्र होता. अलेक्झांड्रा डॉक खोदताना निघालेल्या मातीनं भर घालून ही जमीन केली. विटेटच्या इमारती सुंदर आहेत, पण त्यांचे बारकावे ऐकायचं त्राण तोवर कुणात उरलेलं नसतं.

तयार स्क्रिप्ट विकणारे भेटतील, त्यांना लांबूनच नमस्कार. ज्येष्ठ गाइडच्या मागे मात्र जरूर फिरा. त्याचे विनोद उचलू नका, तो कुठं थांबतो आणि गटाला सावली कुठं देतो ते बघा. बाकी त्याची निम्मी सनावळी तपासूनच घ्या. आणि सुरुवातीला जीभ अडखळली तर घाबरू नका, लोक आपण समजतो त्यापेक्षा बरेच दयाळू असतात. रविवारची सकाळ धरा, फोर्टात ऑफिसची गर्दी नसते.

शेवटी प्रश्न इतिहासावर नसतात, बोटीवर असतात. एलिफंटाची लाँच गेटवेवरून, पण सोमवारी लेणी बंद. मांडव्याची रो-रो, म्हणजे गाड्याही नेणारी बोट, भाऊच्या धक्क्यावरून. एवढं तोंडपाठ ठेवा, टिप बहुधा त्याच उत्तरांवर मिळते.