घरातलं पहिलंच पोरगं कॉलेजात आलंय, शिकवणाऱ्यांनी काय करायचं

एफवायच्या, म्हणजे डिग्रीच्या पहिल्या वर्षाच्या, पहिल्या आठवड्यात सिलॅबस उघडायची घाई करू नका. इंटर्नल म्हणजे काय, ते कधी होतं, बुडलं तर कुणाला भेटायचं, क्रेडिट कसे मोजतात, मेजर-मायनर काय, हे सगळं फळ्यावर लिहून सांगा आणि अख्ख्या वर्गाला सांगा. "घरात कोण शिकलेलं नाही, हात वर करा" असलं काही विचारू नका प्लीज, पोरं तिथंच मिटतात.

एटीकेटी तर नीट समजावाच. विषय राहिला तरी नियमात बसत असेल तर पुढच्या वर्गात जाता येतं हे घरी कुणालाच माहीत नसतं, त्यांना वाटतं पोरगी नापास झाली आणि मग लगेच शिक्षण थांबवायची, स्थळं बघायची भाषा सुरू होते. रिझल्ट लागला की गरज पडल्यास घरी स्वतः फोन करा, दोन मिनिटांत एक वर्ष वाचू शकतं.

"शंका असतील तर या" एवढ्यावर कुणी येत नाही. वार, वेळ, खोली सांगा आणि दोघातिघांनी मिळून आलं तरी चालेल म्हणा. वेळ ठेवताना एसटीचं टाइमटेबल बघा, शेवटची गाडी चुकणार असेल तर पोरगं थांबणार कसं?

शिकवताना टर्म इंग्रजीत राहू द्या पण अर्थ मराठीत सांगा, आणि मुलांना त्यांच्या बोलीत उत्तर देऊ द्या, कुणी हसलं तर तिथंच थांबवा. जुन्या पेपरातला एक प्रश्न घेऊन दहा मार्कांचं उत्तर वर्गातच लिहून दाखवा, त्यात मार्क कुठे मिळतात, कुठे जातात ते पण दाखवा. क्लास लावलेल्यांना हे आधीच माहीत असतं, बाकीच्यांना फक्त तुमच्याकडूनच कळणार आहे.

स्कॉलरशिपचं काम ऑफिसचं म्हणून सोडू नका. महाडीबीटीचा (सरकारी स्कॉलरशिपच्या वेबसाइटवरचा) फॉर्म दरवर्षी रिन्यू करावा लागतो, बँक खातं आधारशी लिंक लागतं, उत्पन्नाचा दाखला काढायला तहसीलच्या चकरा होतात, म्हणून कागदांची यादी अ‍ॅडमिशनच्या वेळीच हातात द्या. एससी आणि नवबौद्ध मुलांना हॉस्टेल मिळालं नाही तर राहण्या-जेवणाला पैसे देणारी स्वाधार योजना आहे, एसटी प्रवर्गातल्यांना तशीच पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना, आणि २०२४-२५ पासून प्रोफेशनल कोर्सच्या ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास), ओबीसी मुलींना घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर ट्यूशन आणि परीक्षा फी माफ आहे. हे नुसतं ग्रुपवर टाकून भागत नाही, बऱ्याच घरात फोन एकच असतो, तेव्हा नोटीस वर्गात वाचून दाखवा आणि शेवटच्या तारखेच्या आधी कुणाचा फॉर्म राहिलाय ते एकेकाला बाजूला घेऊन विचारा.