‘इंटा’च्या वार्षिक अधिवेशनाला पहिल्यांदा जाणाऱ्या ट्रेडमार्क वकिलांसाठी

इंटरनॅशनल ट्रेडमार्क असोसिएशन, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेली ‘इंटा’, ही संस्था 1878 साली न्यूयॉर्कमध्ये काही व्यापारी आणि उत्पादकांनी स्थापन केली आणि 1993 पासून ती सध्याच्या नावाने ओळखली जाते. तिचे वार्षिक अधिवेशन साधारणपणे मे महिन्याच्या सुमारास दरवर्षी वेगळ्या शहरात भरते. 2023 साली ते सिंगापूरला, 2024 साली अटलांटाला आणि 2025 साली सान दिएगोला झाले, तर 2026 साठी लंडनची निवड झाली. एरवी ज्यांची ओळख केवळ ई-मेलच्या तळाशी असलेल्या सहीपुरती असते, असे हजारो वकील तेथे चार-पाच दिवस एकत्र येतात. पुण्यातून, नागपुरातून किंवा कोल्हापुरातून चार-पाच जणांचे कार्यालय चालवणाऱ्या वकिलाने हा खर्च करावा का, आणि केला तर तो वसूल कसा करावा, हे सांगण्यासाठी हा लेख आहे.

असे अधिवेशन भरावे लागते याचे कारण कायद्यातच आहे. ट्रेडमार्कचा हक्क त्या त्या देशापुरता असतो. इचलकरंजीच्या कापड उत्पादकाला ब्रिटनमध्ये नोंदणी हवी असेल तर कधी ना कधी तेथील वकिलाची गरज पडते, आणि तिकडच्या कंपनीला भारतात नोंदणी हवी असेल तर आपली. भारत 8 जुलै 2013 पासून माद्रिद प्रोटोकॉलमध्ये सहभागी असल्यामुळे एकाच अर्जातून अनेक देश निवडता येतात हे खरे. पण एखाद्या देशाच्या कार्यालयाने हरकत घेतली किंवा कोणी विरोध दाखल केला की स्थानिक वकिलाशिवाय पुढे जाणे कठीण होते. म्हणून या व्यवसायातील पुष्कळसे काम एका वकिलाकडून दुसऱ्या वकिलाकडे जाते. अधिवेशन म्हणजे व्याख्यानमाला असे समजून गेलेला माणूस चांगली टिपणे घेऊन परत येतो, आणि बहुतेक वेळा त्याच्या हाती तेवढेच लागते.

तयारीची सुरुवात आपल्याच कपाटातील फाइल्सपासून करावी. गेल्या तीन वर्षांत आपण कोणत्या देशात, कोणाकडे आणि किती कामे पाठवली, त्यांच्याकडून आपल्याकडे काही आले का, कोणाचे उत्तर वेळेवर येते आणि कोणाचे बिल ठरल्यापेक्षा फुगते, याची एक यादी करावी. भेटीची पहिली पत्रे या यादीतील लोकांना जावीत. अनोळखी शंभर जणांना एकाच मजकुराचे पत्र धाडण्याची पद्धत सर्रास दिसते. ती निष्फळ तर आहेच, शिवाय आपल्यासाठी धोक्याचीही आहे. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियम 36 प्रमाणे वकिलाला काम मागता येत नाही आणि प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष जाहिरातही करता येत नाही. परदेशात गेलो म्हणून हा नियम सुटत नाही. पूर्वीचा व्यावसायिक संबंध असलेल्या व्यक्तीला भेटणे वेगळे आणि प्रदर्शनाच्या दालनात उभे राहून पत्रके वाटणे वेगळे. शेजारच्या टेबलावरचा परदेशी वकील ते मोकळेपणाने करताना दिसेल, कारण त्याच्या देशाचे नियम निराळे आहेत. आपण मात्र त्याचे अनुकरण करू नये.

भेटींच्या वेळा अधिवेशनाआधी दोन-तीन महिने भरू लागतात, त्यामुळे फेब्रुवारीत पत्रे गेली नाहीत तर एप्रिलमध्ये समोरच्याकडे फक्त सकाळचे सात उरलेले असतात. व्हिसाचा हिशेबही तेव्हाच करावा. ब्रिटनच्या अभ्यागत व्हिसासाठी प्रवासाच्या फार तर तीन महिने आधी अर्ज करता येतो. अमेरिकेच्या मुलाखतीची तारीख मिळायला मात्र बराच काळ लागू शकतो, म्हणून अधिवेशन तिकडे असेल त्या वर्षी व्हिसा आधी आणि नोंदणी नंतर, हा क्रम ठेवावा. काही जण नोंदणी शुल्क वाचवण्यासाठी आत न जाता जवळच्या हॉटेलच्या लॉबीत बसून भेटी घेतात. संस्थेला हे रुचत नाही आणि रुचू नये हेही योग्यच आहे, कारण ज्या गर्दीचा फायदा आपण घेतो ती गर्दी इतरांच्या शुल्कावर जमलेली असते.

एक भेट साधारण अर्ध्या तासाची असते. दोन भेटींमध्ये किमान पंधरा मिनिटे मोकळी ठेवावीत आणि दिवसाला आठांपेक्षा जास्त भेटी ठरवू नयेत. पहिल्या वर्षी मी एका दिवसात चौदा ठरवल्या होत्या. संध्याकाळी हातात चौदा कार्डे होती आणि कोण काय बोलले हे त्यांपैकी निम्म्यांबाबतही आठवत नव्हते. तेव्हापासून प्रत्येक कार्डाच्या मागे, समोरची व्यक्ती उठून गेल्यावर लगेच, दोन ओळी लिहितो.

अर्ध्या तासात बोलायचे काय, हा खरा प्रश्न आहे. आपले कार्यालय किती जुने आणि किती नामवंत, हे सांगण्यात पहिली दहा मिनिटे घालवणारे पुष्कळ असतात. त्याऐवजी समोरच्याच्या अशिलाला भारतात कोठे ठेच लागते, ते सांगावे. उदाहरणार्थ, भारतात दुसऱ्याच्या अर्जाला विरोध दाखल करण्याची मुदत तो अर्ज सरकारी ट्रेडमार्क जर्नलमध्ये प्रसिद्ध झाल्यापासून चार महिने आहे आणि ती वाढवून मिळत नाही. ब्रिटनमध्ये मुदत दोन महिन्यांची, पण ती एका महिन्याने वाढवता येते; अमेरिकेत तीस दिवसांची, पण तीही मागणीनुसार वाढते. मुदतवाढ गृहीत धरण्याची सवय असलेला वकील आपल्याला चौथ्या महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात पत्र पाठवतो, आणि मग दोघांचीही तारांबळ उडते. तसेच, अर्जात आधीपासूनच्या वापराचा दावा केला तर 2017 च्या ट्रेडमार्क नियमांतील नियम 25 प्रमाणे पुराव्यासह प्रतिज्ञापत्र जोडावे लागते, हे आधी माहीत नसल्यामुळे अनेक परदेशी अर्ज रखडतात. शुल्क सांगताना सरकारी शुल्क आणि आपली फी वेगळी दाखवावी. मोठ्या कंपनीच्या ऑनलाइन अर्जाला वस्तू-सेवांच्या प्रत्येक वर्गामागे 9,000 रुपये सरकारी शुल्क पडते, हा आकडा त्यांनाही तपासता येतो आणि त्यातून विश्वास बसतो.

विचारायचे प्रश्नही तयार असावेत. चीनमध्ये पहिला वापर करणाऱ्यापेक्षा पहिला अर्ज करणाऱ्याला प्राधान्य मिळते. भारतातील वापराच्या जोरावर निश्चिंत राहणाऱ्या निर्यातदाराला हे समजावणे कठीण जाते. तेथील वकिलाकडून एखाद्या प्रकरणाची हकिगत ऐकून आलो तर अशिलाला ती सांगता येते, आणि पॅरिस करारानुसार मिळणारी प्राधान्याची सहा महिन्यांची मुदत, म्हणजे ज्या काळात केलेल्या परदेशी अर्जाला भारतातील पहिल्या अर्जाचीच तारीख मिळते ती, वाया जात नाही.

महाराष्ट्रातील वकिलाकडे तर एक विषय आयताच आहे. जून 2025 मध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीने मिलानच्या कार्यक्रमात कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्यानंतर त्याची चर्चा जगभर झाली. तेव्हा नुसता अभिमान किंवा संताप व्यक्त करून उपयोग नाही. कायद्याची बाजू नीट मांडता यावी. कोल्हापुरी चपलेला भौगोलिक निर्देशनाची (‘जीआय’ची, म्हणजे विशिष्ट प्रदेशाशी जोडलेल्या मालाच्या नावाची) नोंदणी महाराष्ट्रातील आणि कर्नाटकातील चार-चार जिल्ह्यांसाठी मिळून आहे. ही नोंदणी प्रामुख्याने नावाला संरक्षण देते, आकाराला नव्हे. आणि भारतातील नोंदणीचा परिणाम इटलीत आपोआप होत नाही. प्राडाविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात आलेली जनहित याचिका जुलै 2025 मध्ये फेटाळली गेली, कारण नोंदणीकृत मालकाने स्वतः दाद मागायला हवी होती. एवढे पाच मिनिटांत स्पष्ट सांगणारा वकील समोरच्याच्या लक्षात राहतो.

व्याख्यानांपैकी रोज एक निवडावे. अनेक अमेरिकी वकिलांना सक्तीच्या व्यावसायिक शिक्षणाचे तास भरायचे असतात, म्हणून ते सभागृहात दिसतात. आपल्यावर तसे बंधन नाही.

एका बाबतीत मात्र अजिबात ढिलाई नको. लिफ्टमध्ये, जेवणाच्या रांगेत किंवा शेजारी कोण बसले आहे हे माहीत नसताना अशिलाचे नाव उच्चारू नये. तेथील प्रत्येकजण कोणाचा ना कोणाचा वकील असतो. भेट ठरवण्यापूर्वीच त्या कार्यालयाचा अशील आपल्या अशिलाच्या विरोधात उभा नाही ना, हे तपासून घ्यावे, आणि असेल तर गप्पा हवामानापुरत्या ठेवाव्यात.

संध्याकाळच्या स्वागत-समारंभांपैकी दोन पुरेत. शाकाहारी असाल तर आधी जेवून जावे, कारण फिरत्या तबकांतून हाती लागेल ते ऑलिव्ह आणि चीज. पायात नवे बूट नसावेत.

परतल्यावर पहिल्या आठवड्यातच प्रत्येकाला पत्र जावे, आणि कार्डामागच्या दोन ओळींतील एखादा संदर्भ त्यात यावा: मागितलेले मुखत्यारपत्राचे प्रारूप, चर्चेत आलेला निकाल, कबूल केलेले दरपत्रक. मुंबईतल्या अँटॉप हिलच्या ट्रेडमार्क नोंदणी कार्यालयात आपली जी सुनावणी त्या आठवड्यात लागली असेल तिची तारीख निघण्यापूर्वीच सहकाऱ्याला सोपवून ठेवावी, म्हणजे ही पत्रे दुसऱ्या महिन्यावर ढकलली जाणार नाहीत.