दीर्घिकांच्या तारानिर्मितीवर परिसराचा परिणाम स्वतः कसा तपासावा

अरुंधती केश तारकासमूहाच्या दिशेला सुमारे 32 कोटी प्रकाशवर्षांवर हजाराहून अधिक दीर्घिकांची दाट वस्ती आहे. तिला कोमा समूह म्हणतात. या समूहाच्या गाभ्यात निळ्या सर्पिल दीर्घिका शोधाव्या लागतात आणि लालसर, लंबवर्तुळाकार किंवा भिंगाकार दीर्घिका जागोजागी आढळतात. तेवढ्याच अंतरावर, पण समूहापासून दूर, विरळ भागात पाहिले तर चित्र उलटे दिसते. ॲलन ड्रेसलर यांनी 1980 साली 55 समूहांचा अभ्यास करून दाखवले की दीर्घिकांची दाटी वाढत जाते तसतसे सर्पिल दीर्घिकांचे प्रमाण कमी होत जाते. मात्र यावरून ‘गर्दीमुळे तारानिर्मिती थांबते’ असा निष्कर्ष लगेच काढता येत नाही, कारण दाट भागात जड दीर्घिकाही जास्त असतात आणि जड दीर्घिकांमधील तारानिर्मिती एकाकी असतानाही मंदावलेली असू शकते. परिसराचा वाटा किती आणि वस्तुमानाचा किती, हे वेगळे काढणे हाच या अभ्यासाचा कणा आहे. विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्याला किंवा चिकाटीच्या हौशी अभ्यासकाला हे काम खुल्या माहितीच्या आधारे साध्या संगणकावर करता येते. ते कसे करावे, हे पुढे सांगितले आहे.

माहिती कोठून आणि कोणत्या भागाची घ्यावी

स्लोन डिजिटल स्काय सर्व्हे, म्हणजे एसडीएसएस, या सर्वेक्षणाची माहिती सर्वांना विनामूल्य उपलब्ध आहे. अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्यात अपाची पॉइंट येथे असलेल्या 2.5 मीटर व्यासाच्या दुर्बिणीने लाखो दीर्घिकांची छायाचित्रे पाच गाळण्यांमधून घेतली आहेत आणि त्यांचे वर्णपटही नोंदवले आहेत. स्कायसर्व्हर या संकेतस्थळावर एसक्यूएल भाषेत प्रश्न लिहून हवा तो तक्ता उतरवून घेता येतो. एसक्यूएल येत नसेल तर तिथल्या नमुन्याच्या प्रश्नांपासून सुरुवात करावी, कारण या कामापुरती ती भाषा थोड्या सरावाने येते.

आकाशाचा भाग निवडताना एक सोय आवर्जून साधावी. कोमा समूह आणि सिंह राशीतील एबेल 1367 हा समूह जवळपास एकाच अंतरावर असून एकाच महासमूहाचे भाग आहेत, आणि त्यांच्यामध्ये लहान गट व दीर्घिकांची विरळ साखळी पसरलेली आहे. त्यामुळे विषुवांश 170 ते 200 अंश, क्रांती उत्तर 17 ते 33 अंश (हे आकाशातले रेखांश-अक्षांश समजावेत) आणि ताम्रसृती, म्हणजे प्रकाशाचे तांबड्याकडे सरकणे ज्यावरून अंतर कळते, 0.013 ते 0.033 एवढा भाग घेतला की समूहाचा गाभा, त्याची कड, लहान गट आणि जवळजवळ रिकामा प्रदेश हे सारे एकाच नमुन्यात येते. स्मृती महाजन, ख्रिस्तोफर हेन्स आणि सोमक रायचौधुरी यांनी 2010 साली एसडीएसएसच्याच माहितीवरून या महासमूहातील तारानिर्मितीचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. रायचौधुरी पुढे पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संशोधन संस्थेचे संचालक झाले. आपले निकाल ताडून पाहण्यासाठी तो अभ्यास जवळ ठेवावा, पण स्वतःचा आलेख काढून होईपर्यंत तो उघडू नये, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

सर्व दीर्घिका एकाच अंतरावर असण्याचा फायदा केवळ सोयीचा नाही. एसडीएसएसच्या जुन्या वर्णपटमापकात दीर्घिकेचा प्रकाश 3 विकला (1 विकला म्हणजे अंशाचा 3,600 वा भाग) व्यासाच्या प्रकाशतंतूतून घेतला जाई. कोमाच्या अंतरावर एवढ्या व्यासात दीर्घिकेच्या मध्यभागाची फक्त साडेचार हजार प्रकाशवर्षे मावतात. सर्पिल दीर्घिकेच्या मध्यभागी म्हाताऱ्या ताऱ्यांचा फुगवटा असतो आणि नवे तारे बाहेरच्या तबकडीत जन्मतात, म्हणून केवळ या तंतूवर विसंबल्यास जिवंत दीर्घिका निष्क्रिय भासू शकते. सगळ्या दीर्घिका समान अंतरावर असल्या तर ही उणीव सर्वांना सारखीच लागू होते, आणि तुलना करताना तिचा फारसा उपद्रव होत नाही.

आधी वस्तुमान, मग परिसर

वस्तुमानाचा अंदाज स्वतः काढत बसण्याची गरज नाही. स्कायसर्व्हरवरच्या गॅलस्पेकएक्स्ट्रा नावाच्या तक्त्यात प्रत्येक दीर्घिकेतील ताऱ्यांचे एकूण वस्तुमान आणि तारानिर्मितीचा दर तयार मिळतो. ही मूल्ये लघुगणकाच्या रूपात असतात, आणि ज्या दीर्घिकेचे मूल्य काढता आलेले नाही तिथे उणे 9999 असा आकडा असतो. अशा ओळी सुरुवातीलाच काढून टाकाव्यात, नाहीतर सरासरीचा विचका होतो.

यानंतर वस्तुमानाची खालची मर्यादा ठरवावी. मुख्य सर्वेक्षणात लाल गाळणीतून 17.77 प्रतीपेक्षा तेजस्वी दीर्घिकांचेच वर्णपट घेतलेले आहेत (प्रत हे तेजाचे माप आहे; आकडा जितका लहान तितकी दीर्घिका तेजस्वी). समान वस्तुमानाची लाल दीर्घिका निळीपेक्षा मंद असते, त्यामुळे मर्यादेच्या काठावर लाल दीर्घिका आधी गळतात आणि तारानिर्मिती आहे त्याहून जास्त भासते. कोमाच्या अंतरावर सूर्याच्या सुमारे 3 अब्ज पट वस्तुमानाच्या वरच्या दीर्घिका घेतल्या तर हा दोष बराच टळतो. त्यांचे 3 ते 10 अब्ज, 10 ते 30 अब्ज आणि 30 अब्जांच्या वर असे तीन वाटे करावेत. पुढची प्रत्येक तुलना एकाच वाट्याच्या आत करायची आहे, हे पथ्य शेवटपर्यंत मोडू नये.

परिसर मोजण्याची सर्वांत सरळ रीत पाचव्या शेजाऱ्याची आहे. प्रत्येक दीर्घिकेपासून आकाशात पाचवी जवळची दीर्घिका किती दूर आहे ते मोजावे, तेवढ्या त्रिज्येचे वर्तुळ कल्पावे आणि 5 ला त्या वर्तुळाच्या क्षेत्रफळाने भागावे. शेजारी म्हणून मोजताना दृष्टिरेषेतील वेगातला फरक सेकंदाला 1000 किलोमीटरच्या आत असावा, म्हणजे केवळ त्याच दिशेला दिसणाऱ्या पुढच्या-मागच्या दीर्घिका मोजल्या जात नाहीत. कोमाच्या गाभ्यात मात्र ही अट घट्ट पडते, कारण तिथे दीर्घिकांचे वेगच सरासरीपासून सेकंदाला हजार-दोन हजार किलोमीटरने इकडे-तिकडे असतात. म्हणून समूहासाठी दुसरे माप जोडीला ठेवावे: केंद्रापासूनचे अंतर. कोमाचे केंद्र एनजीसी 4874 आणि एनजीसी 4889 या दोन महाकाय दीर्घिकांच्या आसपास धरावे. तिथे आकाशातील 1 अंश म्हणजे सुमारे 55 लाख प्रकाशवर्षे होतात. आणखी एक बारकावा असा की दोन तंतू एकमेकांपासून 55 विकलांहून जवळ बसवता येत नसत, त्यामुळे दाट भागातील काही दीर्घिकांचे वर्णपट राहून गेले आहेत आणि गाभ्याची दाटी थोडी कमी मोजली जाते.

तारे जन्मत आहेत की नाहीत, हे कसे ओळखावे

तारानिर्मितीची एकच खूण पुरत नाही. प्रत्येक खूण वेगळ्या कालखंडाची हकीकत सांगते, आणि या अभ्यासातली खरी गोडी त्या हकीकती एकमेकींशी ताडून पाहण्यात आहे.

पहिली खूण रंगाची. अतिनील आणि लाल गाळण्यांतील प्रतींचा फरक घ्यावा आणि आपल्याच आकाशगंगेतील धुळीसाठी दुरुस्त केलेल्या प्रती वापराव्यात. हा फरक 2.22 च्या वर असेल तर दीर्घिका लाल गटातली, खाली असेल तर निळ्या गटातली, असा विभाग 2001 पासून रूढ आहे. रंग साधारण गेल्या अब्ज वर्षांचा हिशेब देतो. मात्र कडेवरून दिसणारी सर्पिल दीर्घिका स्वतःच्या धुळीमुळेही लाल दिसते, म्हणून लाल ठरलेल्या प्रत्येक दीर्घिकेचे छायाचित्र डोळ्यांनी पाहावे. हे काम कंटाळवाणे वाटले तरी टाळू नये.

दुसरी खूण हायड्रोजन-अल्फा या वर्णरेषेची आहे. तिची तरंगलांबी 6563 आंगस्ट्रॉम असते. अतिशय तप्त, जड ताऱ्यांच्या प्रकाशाने भोवतालचा हायड्रोजन आयनीभूत होतो आणि ही रेषा उजळते. असे तारे सुमारे 1 कोटी वर्षांतच संपतात, त्यामुळे ही रेषा दिसली तर तारे आत्ता, खगोलशास्त्रीय अर्थाने आजच, जन्मत आहेत असे समजावे. रेषेची तुल्य रुंदी, म्हणजे आजूबाजूच्या प्रकाशाच्या तुलनेत तिचे बळ, 2 ते 3 आंगस्ट्रॉमच्या खाली असेल तर दीर्घिका निष्क्रिय धरावी. तक्त्यात उत्सर्जनरेषेची तुल्य रुंदी उणे चिन्हाने दिलेली असते, तेवढे ध्यानात ठेवावे. शिवाय केंद्रातील सक्रिय कृष्णविवरही ही रेषा उजळवू शकते. ते वेगळे काढण्यासाठी नायट्रोजन व हायड्रोजन-अल्फा, तसेच ऑक्सिजन व हायड्रोजन-बीटा या रेषांची गुणोत्तरे एकमेकांसमोर मांडणारा आलेख वापरतात. बाल्डविन, फिलिप्स आणि टर्लेविच यांनी तो 1981 साली मांडला, आणि त्यावरून केलेले वर्गीकरण तक्त्यात तयार मिळते.

आता दोन्ही खुणा शेजारी ठेवाव्यात. निळा रंग आणि उजळ रेषा, किंवा लाल रंग आणि रेषेचा अभाव, हे अपेक्षितच आहे. पण रंग अजून निळसर, रेषा मात्र विझलेली, आणि वर्णपटात हायड्रोजनच्या शोषणरेषा खोल, अशी दीर्घिका सापडली तर तिथे थांबावे. खोल शोषणरेषा ‘ए’ वर्गातील ताऱ्यांच्या असतात आणि ते तारे साधारण अब्ज वर्षांपर्यंत टिकतात, म्हणून तिथली तारानिर्मिती गेल्या अब्ज वर्षांतच, आणि तीही झपाट्याने, बंद पडली असली पाहिजे. अशा दीर्घिकांची वेगळी यादी करावी आणि त्या नकाशावर कोठे पडतात ते पाहावे.

प्रत्येक वस्तुमानाच्या वाट्यात, दाटीच्या चढत्या क्रमाने, निष्क्रिय दीर्घिकांचे प्रमाण काढावे. एका कप्प्यात 20 दीर्घिका असून त्यातल्या 10 निष्क्रिय असतील तर त्या 50 टक्क्यांमध्ये सुमारे 11 टक्के अनिश्चितता असते, हे आलेखावर दाखवलेच पाहिजे. हलक्या दीर्घिकांच्या वाट्यात ही रेषा दाटीबरोबर ठळकपणे चढते, तर सर्वांत जड वाट्यात ती मुळातच वर असते आणि परिसराने तिच्यात तुलनेने कमी फरक पडतो, असे चित्र अपेक्षित आहे. वस्तुमान आणि परिसर या दोघांचे परिणाम बरेचसे स्वतंत्र आहेत, असे यिंगजी पेंग आणि सहकाऱ्यांनी 2010 साली हजारो दीर्घिकांवरून दाखवले.

कारणाचा माग वायूत काढावा

तारे थंड वायूपासून बनतात, तेव्हा तारानिर्मिती का थांबली हे विचारणे म्हणजे वायूचे काय झाले हे विचारणे. दोन मुख्य वाटा आहेत. कोमासारख्या समूहात दीर्घिकांमधली जागा सुमारे 10 कोटी केल्विन तापमानाच्या विरळ वायूने भरलेली असते. सेकंदाला हजारो किलोमीटर वेगाने दीर्घिका त्यातून जाते तेव्हा तिच्या वायूवर समोरून दाब पडतो. हा दाब घनतेच्या आणि वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, आणि तबकडीच्या गुरुत्वाकर्षणाहून जास्त झाला की वायू सोलून निघतो. गन आणि गॉट यांनी 1972 साली हे मांडले. दुसरी वाट संथ आहे: बाहेरून येणारा ताज्या वायूचा पुरवठा तुटतो आणि कणगीत नवे धान्य न पडता घर चालावे तशी दीर्घिका साठ्यातल्या वायूवर काही अब्ज वर्षे तारे घडवत राहते. या काळात ताऱ्यांमधील जड मूलद्रव्यांचे प्रमाण वाढते, कारण वायू पातळ करणारा ताजा पुरवठा नसतो. लहान गटांमध्ये आणखी निराळे घडते. तिथे वेग कमी असल्याने दीर्घिका एकमेकींना ओढतात, कधी विलीन होतात, आणि तारानिर्मिती विझण्याऐवजी भडकू शकते. एम 82 हे याचे जवळचे उदाहरण आहे. ती, एम 81 आणि एनजीसी 3077 यांना जोडणारे हायड्रोजनचे पूल रेडिओ निरीक्षणांत स्पष्ट दिसतात.

अणुरूप हायड्रोजन 21 सेंटिमीटर तरंगलांबीवर दिसतो. अरेसिबो दुर्बिणीने केलेल्या अल्फाल्फा सर्वेक्षणाच्या यादीत सुमारे 31,500 स्रोत आहेत आणि आपण निवडलेला आकाशाचा भाग तिच्यात येतो, म्हणून दोन्ही तक्ते जागेवरून जुळवावेत. समान वस्तुमानाच्या दीर्घिकांपैकी विरळ भागातल्या किती जणींमध्ये हायड्रोजन सापडतो आणि गाभ्यातल्या किती जणींमध्ये, एवढी तुलनाही पुष्कळ सांगून जाते. नारायणगावजवळ खोडद येथील जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेना याच रेषेसाठी वापरल्या जातात. त्यांच्या साहाय्याने 2020 साली सुमारे 8 अब्ज वर्षांपूर्वीच्या हजारो दीर्घिकांचे संकेत एकत्र करून सरासरी हायड्रोजन मोजला गेला, आणि पुरवठा थांबल्यास तो 1 ते 2 अब्ज वर्षांतच संपेल इतका दिसला. विश्वातील तारानिर्मिती का ओसरली याचा तो फार मोलाचा धागा आहे, आणि तो आपल्या जुन्नर तालुक्यातून हाती लागला याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

सोलला जाणारा वायू प्रत्यक्ष पाहायचा असेल तर ‘जेलीफिश’ दीर्घिका, म्हणजे मागे वायूचे शेपटासारखे धागे ओढणाऱ्या दीर्घिका, शोधाव्यात. एबेल 85 समूहातील जेओ 201 या दीर्घिकेचे भारताच्या ॲस्ट्रोसॅट उपग्रहावरील अतिनील दुर्बिणीने निरीक्षण केले, तेव्हा दीर्घिकेबाहेर ओढल्या गेलेल्या वायूतही तरुण तारे दिसले. आपल्या निवडलेल्या भागात एनजीसी 4858 ही अशी दीर्घिका कोमाच्या गाभ्याजवळच आहे. तिचे छायाचित्र मोठे करून निळ्या गाठी तबकडीच्या कोणत्या बाजूला जमल्या आहेत ते टिपावे, समूहाच्या केंद्राची दिशा कागदावर आखावी, आणि मग वेगळ्या काढलेल्या यादीतील प्रत्येक दीर्घिकेसाठी हीच आखणी करावी. एकाच बाजूला झुकलेल्या गाठी केंद्राच्या उलट दिशेला वारंवार पडू लागल्या तर वायू सोलला जात असल्याचा पुरावा बळकट होतो; तसे काही दिसले नाही तर पुरवठा तुटण्याच्या संथ वाटेकडे वळून जड मूलद्रव्यांचे प्रमाण पाहावे.