कोळशाचा बंब नळाला कसा जोडावा, आणि तो फुटू नये म्हणून काय करावे

ग्वाल्हेरला जानेवारीत पहाटेचा पारा 5 अंशांच्या आसपास येतो, आणि माळ्यावर ठेवलेल्या, पाणी तापवायच्या तांब्याच्या बंबाची आठवण होते. शहराच्या लष्कर भागातल्या जुन्या वाड्यांत असे बंब अजून आहेत. तो पुन्हा वापरात आणताना एक चूक मात्र जिवावर बेतू शकते: गच्चीवरच्या टाकीचा नळ थेट बंबाला जोडणे.

बंब मुळात उघडे भांडे आहे. नरसाळ्यातून गार पाणी ओतले की ते तळाशी जाते आणि तेवढेच गरम पाणी वरच्या तोंडातून बाहेर पडते. त्याचा पत्रा दाब सोसण्यासाठी घडवलेलाच नसतो. टाकी 6 मीटर उंच असेल, तर 35 सेंटिमीटर व्यासाच्या तळावर 500 किलोंहून जास्त जोर येतो. त्यात 30 लिटर पाणी 15 अंशांवरून 90 अंशांवर गेले की सुमारे 1 लिटरने फुगते. गरम पाण्याची तोटी बंद आणि गार पाण्याच्या नळावर एकेरी झडप असेल, तर या वाढीव पाण्याला जायला जागाच उरत नाही. गिझरची सेफ्टी व्हॉल्व्ह लावून हे सुटत नाही; ती दर चौरस सेंटिमीटरला 6 ते 8 किलो दाब झाल्यावर उघडते, आणि बंबाचा सांधा त्याच्या कितीतरी आधी सुटतो.

म्हणून बंब उघडाच ठेवायचा, पण नळाला जोडून.

जागा. न्हाणीघरात बंब नको. चौकात, मागच्या अंगणात किंवा मोकळ्या गॅलरीत ठेवा. बंबापासून न्हाणीघरापर्यंतचा नळ 3 मीटरच्या आत राहील असे बघा. निखाऱ्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग असतो, ना वास. डोके जड होते, मळमळते, आणि माणूस उठण्याआधीच बेशुद्ध पडतो. उरलेले निखारे सिगडीत घालून बंद खोलीत नेणे तितकेच घातक आहे.

बैठक. आपल्याकडच्या वाळूच्या दगडाची पटिया (फरशी) थेट आगीखाली ठेवली तर तिचे पापुद्रे सुटतात. वर विटांचा एक थर द्या, पाणसळ लावून सपाटी तपासा आणि राखेच्या दाराला समोरून हात जाईल इतकी जागा सोडा.

धुराडे. बंबाच्या मधल्या, धूर जाणाऱ्या नळ्याच्या व्यासाइतके किंवा थोडे मोठे, लहान कधीच नाही. पहिला 1 मीटर काळ्या लोखंडी पत्र्याचा घ्या. जस्ताचा मुलामा फार तापला की धूर सोडतो. पुढे जीआय (जस्ताचा मुलामा दिलेले लोखंड) चालेल. गच्चीच्या कठड्याच्या 2 फूट वर न्या, टोपी बसवा, लाकडी तुळईपासून दीड फूट दूर ठेवा. कोळसा वरून घालायचा असेल तर खालचा तुकडा सहज काढता आला पाहिजे.

आता नळजोडणी, खरे संरक्षण यातच आहे. बंबाच्या माथ्यापेक्षा फूट-दीड फूट उंच, भिंतीवर 15 ते 20 लिटरची छोटी टाकी बसवा. टाकी धातूची हवी. उकळते पाणी परत आले तर प्लास्टिक मऊ पडून खचते. गच्चीवरचे पाणी फ्लोट व्हॉल्व्हमधून (टाकी भरली की आपोआप बंद होणाऱ्या झडपेतून) या टाकीत येऊ द्या. तिथून पाऊण इंची नळ बंबाच्या तळाला जोडा, आणि या नळावर कॉक किंवा एकेरी झडप काहीही लावू नका.

बंबाच्या सर्वांत वरच्या तोंडाला टी (तीन तोंडांचा जोड) बसवा. टीच्या आडव्या तोंडातून गरम पाणी न्हाणीघराकडे जाईल. उभ्या तोंडातून वाफेचा नळ सरळ वर न्या: छोट्या टाकीतल्या पाण्याच्या पातळीपेक्षा किमान दीड फूट उंच, आणि मग वाकवून त्याच टाकीवर तोंड खाली करा. तोही पाऊण इंची, त्यावरही झडप नाही. टी माथ्यालाच हवा. गरम नळ खाली उतरल्यावर टी बसवला तर तोटी उघडताच बंबातले पाणी ओढले जाऊन तो रिकामा होऊ शकतो. वाफेचा नळ आणि गरम नळाचा पहिला मीटर तांब्याचाच ठेवा. पीव्हीसी इथे अजिबात नको. तांबे आणि जीआय जोडायचे झाले तर मध्ये पितळी जोड घाला.

अशा जोडणीत गरम पाणी माथ्यावरूनच निघते. गच्चीवरची टाकी संपली तर तोटी कोरडी पडते, बंब नाही. रिकाम्या बंबाखाली आग पेटली तर कथलाचा डाख 200 अंशांच्या आसपासच वितळू लागतो आणि सगळे सांधे गळायला लागतात.

चाचणी. आधी बंब भरून रात्रभर तसाच ठेवा आणि सकाळी सांध्यांवर ओल दिसते का बघा. मग पाव किलो लाकडी कोळशावर पाणी कोमट करा. शेवटी एकदा मुद्दाम उकळू द्या: वाफेच्या नळातून फक्त वाफ आली पाहिजे. पाणी पडत असेल तर नळ आणखी उंच करा. दगडी कोळसा वापरू नका. त्यातला गंधक तांबे खातो.

रोज 20 लिटर पाणी 15 वरून 60 अंशांवर आणायला 300 ते 400 ग्रॅम लाकडी कोळसा पुरतो. बादलीत आधी गार पाणी घ्या; 60 अंशांचे पाणी काही सेकंदांतच कातडी भाजते.

पाणी खदखदू लागले तर राखेचे दार बंद करून तोटी उघडा. पण बंब कोरडा तापल्याची शंका आली तर त्यात पाणी ओतू नका. 1 लिटर पाण्याची 1,600 लिटरहून अधिक वाफ होते आणि ती तोंडावर येते. चिमट्याने निखारे काढून वाळूत टाका आणि बंब आपोआप निवू द्या. मग तांबटाकडून सांधे तपासून घ्या.

बोअरचे पाणी असेल तर दर दोन महिन्यांनी लिटरला 30 ग्रॅम लिंबूसत्त्व घातलेले कोमट पाणी बंबात 3 तास ठेवून धुऊन टाका. त्याच वेळी वाफेच्या नळात तार घालून बघा. क्षाराने तो बुजला, तर बंब पुन्हा बंद भांडे झालेला असतो.